एकच हात धरलेली माणसं

८ जानेवारी

आज पहाटे जाग येताना एकोणिसाचा पाढा ऐकू आला. आत्ताचा नव्हे, सत्तर वर्षांपूर्वीचा. आमच्या शाळेत दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, फळ्यांचा पडदा होता. अलीकडे आम्ही बारकी मुलं एका सुरात कविता म्हणायचो, पलीकडे मोठी मुलं पाढे म्हणायची. कवितेच्या ओळीवर पाढ्याचा ठेका पडायचा आणि मला वाटायचं, हे दोन्ही एकाच कवीने लिहिलेलं असणार. पलीकडच्या त्या चाळीस आवाजांच्या मागून एक आवाज कायम अर्धा क्षण उशिरा यायचा. ती आमची ताई. गुरुजींनी एकदा दरडावून विचारलं, पाठ नाही का तुला? ताई म्हणाली, पाठ आहे, पण म्हणायच्या आधी खरं आहे का ते बघते.

अजूनही ती तेच करते. वय ब्याऐंशी. पस्तीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, पण तिचा खरा ध्यास गणिताच्या मागे दडलेले प्रश्न उकरून काढण्याचा. संख्या असतात कुठे? सिद्धता कशाला म्हणायचं? एखादी गोष्ट खरी असल्याचं आपल्याला ‘दिसतं’ तेव्हा नेमकं काय घडतं? तिच्या बोलण्यातून विद्यार्थ्यांनी पुस्तकं केली, प्रस्तावनेत तिचे आभार मानले आणि मोठे झाले. तिच्या नावावर एकही पुस्तक नाही. चाळिशीत एक लिहिलं होतं. छापायला द्यायच्या आदल्या दिवशी तिला त्यात एक भोक सापडलं आणि तिने सगळे कागद फाडले. त्यानंतर चाळीस वर्षं नुसतं बोलणं.

आता डोळे गेले आहेत. म्हणजे मधलं गेलं, कडा राहिल्या. माझ्याकडे पाहते तेव्हा तिला फक्त माझे कान दिसतात. आज चहा पिताना म्हणाली, “तेच कामाचे आहेत. उद्यापासून मी सांगते, तू लिही.”

मी जन्मभर शाळेत कविता शिकवल्या. गणितात दरवर्षी काठावर तरलेला माणूस. तुझा एखादा हुशार विद्यार्थी बोलाव, म्हणालो. त्यावर म्हणाली, “त्यांना मी तोंड उघडायच्या आधीच समजतं. मला न समजणारा माणूस पाहिजे, कविराज. तो घरात आयता आहे.”

वही आणली. रेघी, दोनशे पानी. पेनात शाई भरली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नवी वही उघडली आणि पहिल्या पानावर शाळेतल्यासारखी तारीख घातली.

१० जानेवारी

नियम ठरला. रोज सकाळी नऊ ते अकरा. ताई एक परिच्छेद सांगणार, मी लिहिणार, परत वाचून दाखवणार, आणि मी ‘समजलं’ म्हटल्याशिवाय ती पुढच्या परिच्छेदाला हात लावणार नाही. हा नुसता कामाचा नियम नाही, हेच तिच्या पुस्तकाचं सार आहे. तिचं म्हणणं असं, की सिद्धता कागदावर नसतेच. ती दोन माणसांच्या मध्ये असते. एकाने दाखवलं आणि दुसऱ्याला खरोखर दिसलं, की झाली.

खालच्या मजल्यावरचे इंजिनियर दुपारी पेपर परत द्यायला आले. चाळीस वर्षं पूल बांधले त्यांनी. ताईशी भांडल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही. म्हणाले, बाई, हल्ली हजार पानांची सिद्धता यंत्र तपासतं आणि बरोबर आहे म्हणून सांगतं, तिथे माणसाला दिसण्याचा प्रश्न येतो कुठे. ताई म्हणाली, “यंत्र ‘हो’ म्हणतं, इंजिनियरसाहेब. मला ‘हो’ नको, ‘अरेच्चा’ पाहिजे.”

इंजिनियर म्हणाले, अरेच्चावर पूल उभा राहत नाही. पेपर देऊन गेले, चष्मा विसरले, परत आले आणि आणखी अर्धा तास भांडले.

१७ जानेवारी

पहिलं प्रकरण पूर्ण. ताईच्या आवाजाला धार आली आहे. मी तीनदा ‘नाही समजलं’ म्हणालो, तिने तीनदा नव्याने सांगितलं, आणि चौथ्या वेळी माझ्या अंगावर शहारा आला. दोन विषम संख्यांची बेरीज सम का, हे मला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दिसलं. प्रत्येकीजवळ एक सुटा आहे आणि दोघींनी आपापला सुटा एकमेकींना दिला. यावर कुणी कविता कशी केली नाही?

२३ जानेवारी

तिसरं प्रकरण. ताई म्हणते, हे पुस्तकाचं जातं आहे, बाकी सगळं याच्याभोवती फिरणार. उतरवून ठेवतो.

कितीही माणसांचा मेळावा घ्या. ज्याला ज्याचा हात धरायचा त्याने धरावा. एका हातात एकच हात. कुणाचे दोन्ही हात गुंततील, कुणाचा एक, कुणी नुसतेच उभे राहतील. आता ज्यांचा एकच हात गुंतला आहे अशी माणसं मोजा. ती नेहमी सम भरतात. कधीच विषम नाही. का? तर हात धरायला दोन हात लागतात, म्हणून गुंतलेल्या हातांची एकूण बेरीज सम. त्यातून दोन्ही हात गुंतलेल्यांचे हात काढले तरी समच राहणार. जे उरले ते एकेक हातवाले.

ताईचा चेहरा उजळला होता. हे उदाहरण ती पन्नास वर्षं सांगते आहे. मी वाचून दाखवलं. तिने विचारलं, समजलं?

मी खरं लिहितो, कारण ही रोजनिशी कुणी वाचणार नाही. मला समजलं नव्हतं. सगळ्या हातांची बेरीज करा म्हणते, तर ती बेरीज संपणार कधी, असं काहीतरी खुळं मनात आलं. हा कवीचा प्रश्न, गणिताचा नव्हे. अकरा वाजत आले होते, ताई दमली होती, खुशीतही होती. वर्गात मागच्या बाकावरची पोरं मला खूश करायला जशी मान हलवायची, तशी हलवली. मग आठवलं की तिला मान दिसत नाही. म्हणून मोठ्याने म्हणालो, “समजलं.”

ताईने विचारलं, “इतक्या लवकर?”

“हो.”

मग ती पुढच्या परिच्छेदावर गेली.

२४ जानेवारी

दुपारी खुर्चीत डोळा लागला. शाळा सुटली आहे आणि मुलं हात धरून रांगेत निघाली आहेत. पहिला मुलगा माझ्याजवळ उभा आहे, त्याचा एक हात मोकळा. बाकी सगळ्यांचे दोन्ही हात गुंतलेले. मी शेवटचं पोर शोधत रांगेच्या कडेने चालतो आहे. रांग फाटकाबाहेर गेली, रस्त्यावरून गेली, पुलावरून गेली. दुसरं मोकळा हात असलेलं पोर काही सापडेना. भीती मुळीच वाटली नाही. उलट वाटलं, किती छान, ही शाळा सुटतच नाही.

स्वप्नांचा आणि ताईच्या पुस्तकाचा संबंध नसल्यामुळे तिला सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी

पुस्तक संपलं.

शेवटच्या, पाचव्या प्रकरणात ताईने तिसऱ्यातलं जातं फिरवलं आहे. म्हणते, ज्ञान म्हणजे हात धरलेली रांग. प्रत्येकाने एका हाताने शिकवणाऱ्याला धरलं आहे आणि दुसऱ्या हाताने शिकणाऱ्याला. या रांगेत कुणीतरी पहिला असणारच, ज्याला शिकवणारं कुणी नव्हतं. त्याचा एकच हात गुंतलेला. आणि एकेक हातवाले विषम असू शकत नाहीत, म्हणून दुसराही कुठेतरी असलाच पाहिजे. म्हणजे शेवटचा माणूस, ज्याच्याकडून शिकायला कुणी येणार नाही. तेव्हा ज्ञानाला शेवट आहे. हे ती तर्काने सिद्ध करते, आणि त्याकडे न रडता बघावं म्हणते. भाषा इतकी सुंदर की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटचं वाक्य लिहून टोपण लावलं तेव्हा ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. “माझ्यापुरता तरी तो शेवटचा माणूस तूच, कविराज,” म्हणाली.

मी बरं म्हणालो. मला मात्र तो शेवटचा माणूस पटला नाही. पण आपल्याला न पटणाऱ्या कविताही आपण शिकवतोच की.

२३ फेब्रुवारी

टायपिस्टबाईंनी सगळं टंकलं, विद्यापीठाच्या प्रकाशन मंडळाला पाठवलं. संपादिका फोनवर गोड बोलल्या. पद्धत अशी, की हस्तलिखित एका परीक्षकाकडे जातं. त्याचं नाव आम्हाला कळत नाही, त्याने आमच्याशी बोलायचं नाही. त्याने होकार दिला तर समिती छापते. समिती वर्षातून दोनदा बसते, आता वीस एप्रिलला. मग थेट ऑक्टोबर. ताईच्या हृदयाबद्दल डॉक्टर जे म्हणाले आहेत ते पाहता, ऑक्टोबर हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही.

परीक्षक माझ्या डोळ्यांसमोर उभा आहे. सत्तरीचा, आंबट तोंडाचा, जाड भिंगांचा, नाकपुडीत केस असलेला.

८ मार्च

काही नाही. लेक येऊन गेली. औषधांच्या गोळ्या आठ दिवसांच्या डब्यांत भरल्या. म्हणाली, “बाबा, तुम्हाला आणि आत्याला मिळून एक डोळा आणि दीड कान आहे, आणि पुस्तक लिहिताय तीनशे पानांचं.” ताई म्हणाली, “तीनशे बारा.”

२७ मार्च

पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. परीक्षक सभ्य आहे, हे आंबट तोंडापेक्षा वाईट. पहिलं, दुसरं, चौथं प्रकरण फार आवडल्याचं लिहिलं आहे. मग एवढंच: ‘तिसऱ्या प्रकरणात मला एक जागा समजली नाही. सगळ्या हातांची बेरीज करायची तर माणसं मोजून संपली पाहिजेत. मेळाव्यापुरतं ठीक. पण पाचव्या प्रकरणात लेखिका पुढे होणाऱ्या सगळ्या माणसांची रांग धरते. ती रांग संपतच नसेल तर? मग एक टोक असेल आणि दुसरं नसेल. शेवटचा माणूस सिद्ध होत नाही. या स्थितीत मी होकार देऊ शकत नाही. लेखिकेला दुरुस्ती शक्य वाटल्यास वाट पाहीन.’

मी दोनदा वाचलं. ताई दुसऱ्यांदा ऐकताना हसली की कण्हली, मला कळलं नाही. मग तिने पत्र मागून घेतलं, जणू वाचता येणार आहे, आणि मांडीवर ठेवून त्यावर हात फिरवत राहिली.

चाळिशीतल्या त्या दिवशीही ती अशीच बसली होती. मग कागद फाडले. मी तीनशे बारा पानांचा गठ्ठा उचलून माझ्या गादीखाली ठेवला आहे.

२८ मार्च

आज कबूल केलं. सकाळी नऊला, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या खुर्चीत. म्हणालो, ताई, तेवीस जानेवारीला मी खोटं बोललो. मला समजलं नव्हतं. बेरीज संपणार कधी, हेच मनात आलं होतं. मला वाटलं, हा कवितेचा प्रश्न आहे. मी तेव्हाच बोललो असतो तर दोन महिने वाचले असते, पाचवं प्रकरण असं झालंच नसतं. त्या स्वप्नाचंही सांगितलं, शाळेच्या रांगेचं.

वाटलं होतं ती चिडेल. ती म्हणाली, “मला ऐकू आलं होतं.”

“काय?”

“खोटं. तुझं खरं ‘समजलं’ सावकाश येतं, आधी दोनदा खोकतोस. त्या दिवशी पटकन आलं. मीही पुढे गेले. पन्नास वर्षं मला ते दिसत होतं ना, म्हणून मी पाहिलंच नव्हतं.”

दुपारी ती अर्ध्या जेवणावरून उठली. तिचं आयुष्य दुसऱ्यांदा फाटलं, या वेळी माझ्यामुळे.

२९ मार्च

ताईचं काही ठीक दिसत नाही. सकाळी शिलाईचा डबा मागितला. आतली बटणं दोऱ्यात ओवू लागली, एकामागोमाग एक, बोटांनी चाचपत. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, रीळ मोठं आहे का? खुर्चीपासून दारापर्यंत बटणांची माळ पोचली. बटणं संपली. मग म्हणाली, दोरा तसाच सोड, दाराबाहेर जाऊ दे. शेवट मला लागू देऊ नकोस.

घाबरून लेकीला फोन केला. ती ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन धावत आली. ताईने एक हात यंत्राला दिला आणि दुसऱ्या हाताने तिला दोऱ्याचं टोक धरायला लावलं. “तू आता पहिली. तुझा एकच हात गुंतलाय. दुसरं असं कोण आहे, सांग.” लेक म्हणाली, आत्या, दोरा जिन्यात गेलाय, मला दिसत नाही. “मग आहेच असं म्हणू शकतेस?” “नाही.” “नाहीच असं?” “तेही नाही.” ताई हसली. ब्लडप्रेशर तरण्या पोरीसारखं भरलं.

जिन्यात इंजिनियर दोऱ्यात अडकले. वर येऊन त्यांनी विचारलं, हे काय बांधकाम आहे?

लेक जाताना माझ्या कानात म्हणाली, बाबा, ती आजारी नाही. मला मात्र ते पटलं नाही. डोक्यावर परिणाम झाला की माणसं अशीच हसतात.

३१ मार्च

नऊला बरोबर हाक आली. वही घे.

मी गादीखालून गठ्ठा काढून आधी तिच्या हातावर हात ठेवला. म्हणालो, फाडणार नाहीस ना? ताई म्हणाली, “तेव्हा मला वाटायचं, भोक पडलं म्हणजे संपलं. या वेळी त्या भोकातून बाहेरचं दिसलं.” मग सांगायला लागली आणि मला शाई भरायलाही फुरसत दिली नाही.

तिसऱ्यात आता स्पष्ट येईल की माणसं मोजून संपली पाहिजेत. त्या अटीवर सिद्धता पोलादासारखी. आणि पाचवं अख्खं बदलणार. पहिला माणूस होता, एवढंच हातात आहे. शेवटचा असलाच पाहिजे असं कुठलाही तर्क सांगत नाही. ‘ज्या रांगेला पहिला आहे, तिला शेवटचा लागतोच, ही आपली सवय आहे, सिद्धता नव्हे.’ हे वाक्य तिने सांगितलं आणि मी लिहिता लिहिता उठून उभा राहिलो. उभ्यानेच लिहिलं. अक्षर वाकडं आलं आहे.

तिने विचारलं, समजलं?

मला खरंच समजलं होतं. दोनदा खोकून म्हणालो.

६ एप्रिल

नवं पाचवं प्रकरण सहा सकाळींत. त्यात एक भाग न समजण्याबद्दल आहे. ज्याला समजलं नाही तो माणूस गप्प न राहता प्रामाणिकपणे तसं म्हणाला, तर तो सिद्धतेचा अर्धा लेखक असतो, असं ताई म्हणते. मी म्हणालो, पण मी गप्पच राहिलो होतो. ती म्हणाली, म्हणून तू अर्ध्यातला अर्धा.

टायपिस्टबाई पाचवं टंकताना फोनवर म्हणाल्या, सर, मागचं वाचून रडू आलं होतं, हे वाचून मी खिडकी उघडली. हे परीक्षण आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे. कागद पाठवले.

१५ एप्रिल

परीक्षकाकडून काहीच नाही. संपादिका म्हणाल्या, आम्ही त्यांना घाई करू शकत नाही, पद्धत नाही. समितीला पाच दिवस. वाचनालयाने एकोणीसला ताईचं व्याख्यान ठेवलं आहे, पुस्तकाच्या आधीच. संपादिकांनी त्याचं पत्रक सगळ्यांना पाठवलं म्हणे. मी म्हणालो, पुढे ढकलू, होकार येऊ दे. ताई म्हणाली, होकार माझ्या पुस्तकाला पाहिजे आहे, मला नको. मी बोलणार.

१९ एप्रिल

रात्र झाली आहे, पण आजचं आजच लिहायला हवं.

वाचनालयाचा वरचा दिवाणखाना भरून गेला होता. साठ खुर्च्या, माणसं जास्त, उशिरा आलेले भिंतीला टेकून. दाराशी वाचनालयाचा शिपाई, अर्धं दार लोटून, कारण जिन्यातून वारा येत होता. ताई माझा दंड धरून सोळा पायऱ्या चढली, मोजत. पहिल्या रांगेत इंजिनियर, हाताची घडी घालून.

ताईने कागद आणला नव्हताच. अर्धा तास बोलली, मग म्हणाली, आता मी जे म्हणते ते करून बघू. उठा, आणि हवा त्याचा हात धरा, नको असेल तर धरू नका. एका हातात एकच. गलका झाला. दोन म्हाताऱ्या बहिणींनी एकमेकींना दोन्ही हातांनी धरलं. कॉलेजची पोरं लांबलचक साखळी करून भिंतीकडेने दारापर्यंत गेली. इंजिनियरांनी घडी सोडली नाही. ताई म्हणाली, “हा माझा भाऊ. याला गणित येत नाही, म्हणून मोजायला हाच बरा. एकच हात गुंतलेली माणसं सम निघतील.”

मी मोजली. एकवीस.

पुन्हा मोजली. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून. एकवीस.

ताईला दिसत नाही, मी बावीस म्हटलं तर कुणाला कळणार होतं? पण एकदा पटकन बोलून झालं होतं. “एकवीस आहेत, ताई,” म्हणालो.

इंजिनियर म्हणाले, बऱ्यापैकी मोठ्याने, “पडला की पूल, बाई.” लोक हसले. मी ताईकडे पाहिलं. ब्याऐंशी वर्षांची बाई, टेबलाची कड धरून उभी. उद्या समिती, होकार नाही, आणि साठ-सत्तर माणसांसमोर हे.

ताईच्या तोंडावर काळजीची रेषाही नव्हती.

“पूल उभा आहे,” ती म्हणाली. “मोजणी अर्धी आहे. हात धरून जी रांग होते तिला दोन टोकं असतात. गोल झाली तर एकही नसतं. एकवीस टोकं सापडली, म्हणजे एका रांगेचं दुसरं टोक या खोलीत नाही. आता दोनच शक्यता. एक, ती रांग संपतच नाही.” इथे लोक पुन्हा हसले, पण वेगळं हसले. “पण बाहेर जिना आहे, त्याला पायऱ्या सोळाच, मी मोजून आले. तिथे न संपणारी रांग मावायची नाही. तेव्हा दुसरी. या दाराबाहेर कुणीतरी उभं आहे आणि आतल्या कुणीतरी त्याचा हात धरला आहे. साहेब, तुमचे हात मोकळे आहेत. जरा बघता?”

मी दाराकडे वळलो. पोरांच्या साखळीच्या टोकाला शिपाई होता. एक हात शेवटच्या पोराच्या हातात, दुसरा दाराच्या फळीआड. दोन्ही गुंतलेले दिसले म्हणून मी त्याला दोन्ही वेळा सोडून दिलं होतं. त्याचा चेहरा आता परीक्षेत पकडल्यासारखा झाला होता.

इंजिनियर उठले. तर्काने एका माणसाचं असणं सांगितलं होतं, आणि तो माणूस आम्ही कुणीच पाहिला नव्हता.

त्यांनी दार ओढलं.

जिन्याच्या वरच्या पायरीवर तिशीची एक मुलगी उभी होती. खांद्याला प्रवासाची पिशवी, बुटांवर धूळ, काखेत एक जाड फाइल. एक हात शिपायाच्या हातात.

“बाई कधीच्या बाहेर उभ्या आहेत,” शिपाई गडबडीने सांगू लागला, “आत या म्हटलं तर येईनात, म्हणाल्या मला आत यायची परवानगी नाही. मग तुम्ही हात धरा म्हणालात, म्हटलं यांनी काय घोडं मारलंय.”

“बावीस,” मी म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की दोघी बहिणी दचकल्या. मग टाळ्या सुरू झाल्या, पण हात गुंतलेले असल्यामुळे आधी नीट वाजेनात, आणि मग एकदम वाजल्या. इंजिनियर दाराला धरून उभे होते. “अरेच्चा,” ते म्हणाले. कुणालाही उद्देशून नव्हे.

टाळ्या थांबेपर्यंत ताई थांबली. मग दाराच्या दिशेने, जरा बाजूला मान वळवून, कडेच्या डोळ्याने पाहत विचारलं, “कोण आहे?”

मुलगी लाल झाली. “मला नाव सांगता येत नाही, बाई,” ती म्हणाली. “परीक्षकाने सांगायचं नसतं. यायचंही नसतं. होकार कालच मंडळाला पाठवलाय, पण मला तेवढं पुरेना. सात तासांचा प्रवास आहे, परत जायची गाडी पाचला आहे.” तिने फाइल काखेत घट्ट धरली. “तिसरं प्रकरण समजलं, एवढंच सांगायला आले.”

शिपायाचा हात तिने अजून सोडला नव्हता.